नव्या फुप्फुसाचा सीटी स्वच्छ, पण फुंकण्याचा आकडा घसरतोय. रिजेक्शन स्कॅनमध्ये दिसतं का?

दुसरा_श्वास (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

माझ्या मोठ्या भावाच्या दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालं, त्याला आता अडीच वर्षं होतील. त्याला पल्मनरी फायब्रोसिस होता, म्हणजे फुप्फुसात व्रण धरून ते घट्ट होत जाणं. पहिल्या वर्षी एकदा सौम्य रिजेक्शन आलं, तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं आणि ते निवळलं. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. रोज सकाळी दादा घरच्या स्पायरोमीटरमध्ये तीनदा फुंकतो आणि त्यातला सर्वांत चांगला आकडा मी लिहून ठेवते.

पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, तो एफईव्ही-१. लॅबमधले त्याचे दोन सर्वोत्तम आकडे २.८४ आणि २.७६ लिटर. त्यांची सरासरी २.८०, हीच त्याची बेसलाइन. गेल्या दोन महिन्यांत हळूहळू उतरत परवा लॅबमध्ये २.३१ आला. ताप नाही, खोकला नाही, ऑक्सिजन ९७. सीटी केला तर रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'फुप्फुसांत लक्षणीय दोष नाही'. आम्हाला हायसं वाटलं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "या सीटीवरून रिजेक्शन नाही असं म्हणता येणार नाही. ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुप्फुसाचे तुकडे घेऊ."

सीटीत केसाएवढी रेघसुद्धा दिसते म्हणतात. मग रिजेक्शन का दिसत नाही? आणि दिसतच नसेल तर सीटी करायचाच कशाला? डॉक्टरांवर आमचा पूर्ण विश्वास आहे, त्यांना चुकीचं ठरवायचं नाही. पण पुढच्या भेटीत नेमकं काय विचारायचं, ते कळायला हवंय. दादा माझ्या तोंडाकडे बघतो आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

करडी_छटा

मी रेडिओलॉजिस्ट आहे, छातीचे सीटी वाचणं हे माझं रोजचं काम. दादांच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल निदान म्हणून काही लिहीत नाही. पण तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे.

रिजेक्शन म्हणजे आपल्या रोगप्रतिकारक पेशी परक्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांभोवती आणि श्वासनलिकांभोवती गोळा होणं. या पेशी सीटीत दिसत नाहीत. त्या जमल्यामुळे पाणी साचलं, भिंत सुजली, नलिका अरुंद झाली, तर तो परिणाम दिसतो. सौम्य रिजेक्शनमध्ये तेवढा परिणाम झालेलाच नसतो. म्हणून स्वच्छ सीटी आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट रिजेक्शन, हे दोन्ही एकाच आठवड्यात एकाच रुग्णात सापडू शकतं.

उलटही होतं. तीव्र रिजेक्शनमध्ये दिसतात त्या खुणा अशा: दुधी काचेसारखा धूसरपणा, फुप्फुसाच्या खणांमधल्या पडद्यांच्या जाड झालेल्या रेषा, छातीत पाणी. धूसरपणा म्हणजे काय, तर तो भाग पांढुरका होतो पण त्यातून रक्तवाहिन्या दिसत राहतात. वाहिन्या दिसेनाशा झाल्या तर ते कन्सॉलिडेशन. आता हाच धूसरपणा सायटोमेगालो विषाणूचा संसर्ग झाला तरी येतो, पाणी साचलं तरी येतो, जठरातला आंबट द्रव वर येऊन श्वासनलिकेत उतरला तरी येतो. चित्र एक, कारणं अनेक. यातली दोन कारणं अशी की एकाचं औषध दुसऱ्याला मारक. रिजेक्शनला स्टेरॉइड वाढवायचं, संसर्गात प्रतिकारशक्ती आणखी दाबून चालत नाही. नुसत्या चित्रावर उपचार ठरवत नाहीत, ते यासाठीच.

सीटी कशाला, तर इतर कारणं धुंडाळायला. श्वासनलिका जिथे जोडली तिथे ती आकसली आहे का, बुरशीची गाठ आहे का, छाती आणि पोट यांमधला पडदा एका बाजूला वर चढला आहे का, लसिकापेशींचा कर्करोग डोकावतो आहे का. एफईव्ही-१ या सगळ्यांत घसरतो. शिवाय ब्रॉन्कोस्कोपी करणाऱ्याला कुठल्या भागातून तुकडे आणि धुवण (तो भाग धुऊन काढलेला द्रव) घ्यायचं, ते सीटी सांगतो.

आता माझा प्रश्न. सीटी श्वास भरून घेतला, की सोडूनही घेतला?

नदीकाठ

वाचते आहे. माझ्या मावशीचं नाव प्रतीक्षायादीत आहे. धाग्यासाठी मनापासून आभार.

दुसरा_श्वास

@करडी_छटा, खूप आभार. तुमचा प्रश्न वाचून सीडी काढली, लॅपटॉपला लावली. आत तीन सिरीज आहेत, तिन्ही एकाच वेळच्या, आडव्या, उभ्या आणि बाजूच्या कापांच्या. दादाला विचारलं. तो म्हणाला, "मशीन बोललं, श्वास घ्या, धरून ठेवा. मग म्हणालं, सोडा. संपलं." म्हणजे श्वास सोडल्यानंतर चित्र घेतलंच नाही, असंच ना?

करडी_छटा

हो, तसंच दिसतंय. मग सावकाश लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

अडीच वर्षांनंतर हळूहळू, ताप-खोकल्याशिवाय आकडा उतरतो, तेव्हा डॉक्टरांच्या मनात तीव्र रिजेक्शनबरोबर जुनाट प्रकारही असतो. त्याला क्लॅड म्हणतात. प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना तो गाठतो. त्यातला जास्त आढळणारा प्रकार म्हणजे बॉस. यात सगळ्यात बारीक श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला व्रण धरतो आणि त्या बुजत जातात. या नलिकांचा व्यास २ मिलिमीटरहून कमी. केसाएवढी रेघ दिसते हे खरं, पण या नलिकांची भिंत इतकी पातळ असते की निरोगी माणसातही सीटीत ती दिसत नाही. मग ती बुजली, हे थेट कसं दिसणार?

पण तिची चोरी श्वास सोडताना पकडता येते. श्वास भरलेला असतो तेव्हा सगळं फुप्फुस हवेने भरून सारखं काळं दिसतं. बुजत चाललेल्या नलिकेच्या मागेही हवा शिरलेली असते, म्हणून चित्र स्वच्छ. आता पूर्ण श्वास सोडायला लावा. निरोगी भागातली हवा निघून जाते, तो भाग आकसतो आणि करडा होतो. ज्या भागाची नलिका बुजली आहे तिथली हवा अडकून राहते, तो काळाच राहतो. करड्यात काळे तुकडे, गोधडीसारखे. याला एअर ट्रॅपिंग म्हणतात. थोडंसं ते निरोगी माणसातही असतं, म्हणून किती आहे आणि मागच्या वेळेपेक्षा वाढलं का, हे महत्त्वाचं.

रुग्णाने श्वास नीट सोडला की नाही, हे चित्रातच कळतं. मुख्य श्वासनलिकेची मागची भिंत मऊ असते. श्वास भरलेला असताना ती बाहेरच्या बाजूला फुगीर असते आणि नलिका गोल दिसते. श्वास पुरता सोडला की ती भिंत सपाट होते किंवा आत वळते, आणि नलिकेचा आकार चंद्रकोरीसारखा होतो. मी श्वास सोडलेला सीटी उघडतो तेव्हा आधी हेच बघतो. नलिका गोलच असेल तर रुग्णाने अर्धाच श्वास सोडलाय, आणि त्या चित्रावरून 'एअर ट्रॅपिंग नाही' असं लिहायला माझा हात धजत नाही.

एकच_फुप्फुस

मी स्वतः प्रत्यारोपण झालेला रुग्ण. सात वर्षं झाली, एकाच बाजूचं, डावं. उजवं माझं जुनं, एम्फिसिमाने फाटलेलं, आतच आहे.

ताई, तुमच्या वहीबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी वही माझी बायको ठेवते.

एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या वर्षी आकडा ११ टक्क्यांनी उतरला. मी तेव्हा प्रवासात होतो, जवळच्या एका केंद्रात सीटी केला. जुनी सीडी बरोबर नव्हती. तिथल्या रिपोर्टमध्ये लिहिलं, 'दोन्ही बाजूंच्या घनतेत मोठा फरक, उजवीकडे हवा अडकलेली, जुनाट रिजेक्शनची शक्यता.' उजवीकडे! उजवं तर माझं मूळचंच. त्याला कोण नाकारणार? पण मागणीपत्रावर कुठल्या बाजूचं प्रत्यारोपण ते लिहिलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. ते चार दिवस घरात कुणी जेवलं नाही. माझ्या टीमने जुने स्कॅन शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा कळलं की उजवं फुगत फुगत डाव्याला दाबत होतं. रिजेक्शन नव्हतंच. रिपोर्ट लिहिणाऱ्यांकडून चूक झाली असं मी म्हणत नाही, त्यांच्या हातात माहितीच नव्हती.

तेव्हापासून सगळे स्कॅन दोन पेनड्राइव्हवर ठेवतो. मागणीपत्रावर स्वतः वाचून बघतो: कुठली बाजू, कुठली तारीख, सध्याचा एफईव्ही-१ किती, बेसलाइन किती. सीटी वाचणाऱ्याला हे चार शब्द मिळाले की रिपोर्ट बदलतो.

करडी_छटा

@एकच_फुप्फुस, शंभर टक्के. जुना स्कॅन शेजारी नसेल तर मी निम्मा आंधळा असतो.

तुमच्यासारख्यांना परफ्युजन स्कॅनही उपयोगी पडतो. टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचे अगदी बारीक कण शिरेतून सोडतात आणि कुठल्या फुप्फुसात किती टक्के रक्त जातंय ते मोजतात. एकाच बाजूचं प्रत्यारोपण असेल तर बहुतेक रक्त नव्या फुप्फुसाकडे वळलेलं असतं. तो वाटा उतरू लागला तर नव्या बाजूला काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय हे मात्र तोही सांगत नाही.

साधा_माणूस_२

एक शंका. एवढ्या सीटीपेक्षा दर आठवड्याला साधा एक्स-रे काढला तर? स्वस्त, झटपट, किरणंही कमी.

फुंकर

मी श्वसनरोगतज्ज्ञ, प्रत्यारोपणाच्या टीममध्ये काम करते.

@साधा_माणूस_२, एक्स-रेचं राज्य पहिल्या दिवसांत असतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ७२ तासांत प्रायमरी ग्राफ्ट डिसफंक्शन नावाची अवस्था येऊ शकते. तिची प्रत ठरवताना एक्स-रेमध्ये धूसरपणा आहे का आणि रक्तातला ऑक्सिजन किती, या दोनच गोष्टी बघतात. ते रिजेक्शन नसतं. फुप्फुस काही तास रक्ताविना होतं, त्यात पुन्हा रक्त खेळलं, त्याची ती इजा. शिवाय फुप्फुस जोडताना लसिकावाहिन्या जोडल्या जात नाहीत, त्यामुळे सुरुवातीला पाण्याचा निचरा मंद असतो आणि एक्स-रे पांढुरका दिसतो. नळ्या जागेवर आहेत ना, छातीत हवा नाही ना, हेही एक्स-रेच सांगतो. पण पहिला महिना उलटला की तीव्र रिजेक्शन असूनही एक्स-रे स्वच्छ असणं नित्याचं. दर आठवड्याला काढलेल्या स्वच्छ एक्स-रेने घरच्यांची समजूत तेवढी पडेल. त्यापेक्षा रोजचं फुंकणं कितीतरी तल्लख आहे.

मज्जातंतूही जोडले जात नाहीत, हे फार कमी घरांत माहीत असतं. जोडाच्या खाली नव्या फुप्फुसाला खोकल्याची उबळ नीट कळत नाही. म्हणून 'खोकला नाही, म्हणजे बरं आहे' हा हिशोब इथे चालत नाही. धागाकर्त्या ताईंनी 'ताप नाही, खोकला नाही' असं लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतेय.

बायोप्सीबद्दल. ब्रॉन्कोस्कोप नाकातून किंवा तोंडातून आत जातो, त्यातून बारीक चिमटा फुप्फुसाच्या कडेपर्यंत नेतो. चिमटा कुठवर पोचला ते फ्लुरोस्कोपीवर, म्हणजे चालत्या एक्स-रेवर, बघत राहतो. रिजेक्शन ठिगळांसारखं पसरतं, एका तुकड्यात नेमकं सापडेलच असं नाही, म्हणून वायुकोश असलेले निदान पाच चांगले तुकडे लागतात. पॅथॉलॉजिस्ट त्यांना ए-० ते ए-४ अशी प्रत देतात. ए-० म्हणजे काही नाही, ए-४ म्हणजे अतितीव्र. रक्तस्राव आणि फुप्फुसाबाहेर हवा निसटणं हे दोन धोके असतात, म्हणून तुकडे घेतल्यावर एक्स-रे करतो. त्याच वेळी फुप्फुसाचा तो भाग धुऊन द्रव तपासायला पाठवतो, त्यातून संसर्ग कळतो.

आणखी एक. बॉसमध्ये बायोप्सीचे तुकडे अनेकदा कोरे येतात, कारण बुजलेली बारीक नलिका चिमट्यात सापडेलच असं नसतं. म्हणूनच जुनाट रिजेक्शनची व्याख्या तुकड्यांवर किंवा चित्रावर न ठरवता फुंकण्यावर ठरवली आहे. आंतरराष्ट्रीय हृदय व फुप्फुस प्रत्यारोपण संस्थेने २०१९ मध्ये ती नव्याने मांडली: इतर कारणं वगळल्यावर बेसलाइनपासून २० टक्के किंवा अधिक घट, आणि ती टिकून राहायला हवी. ३ आठवड्यांच्या आत असेल तर 'संभाव्य', ३ आठवडे ते ३ महिने टिकली तर 'बहुतेक', ३ महिन्यांपुढे 'निश्चित'.

दादांचा २.३१ म्हणजे साडेसतरा टक्के घट. रेषा २.२४ वर आहे. तुमचे डॉक्टर ती ओलांडायची वाट न बघता हलले, हे मला फार योग्य वाटतं.

इतिहासवेडी

थोडं अवांतर, पण इथे लिहायचा मोह आवरत नाही. माणसातलं पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण ११ जून १९६३ रोजी मिसिसिपी विद्यापीठात डॉ. जेम्स हार्डी यांनी केलं. रुग्ण १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षं जगभर प्रयत्न झाले, पण बहुतेक रुग्ण आठवड्यांत गेले. एक तर रिजेक्शन, दुसरं म्हणजे श्वासनलिकेचा जोड सुटायचा. १९८३ मध्ये टोरँटोत डॉ. जोएल कूपर यांच्या टीमने पोटातल्या चरबीच्या पडद्याची झालर त्या जोडाभोवती गुंडाळली, आणि सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन रोखणारं औषधही हाताशी आलं होतं. तो रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. त्याचाही आजार फायब्रोसिसच होता. दादांसाठी मनापासून प्रार्थना.

वडिलांची_लेक

माझे बाबा जुनाट रिजेक्शनच्या दुसऱ्या प्रकाराने गेले, रॅस. त्यांच्याबाबतीत सीटीने सगळ्यात आधी सांगितलं होतं. दोन्ही फुप्फुसांच्या शेंड्यांना, वरच्या बाजूला, पांढरे पट्टे दिसले आणि ते पुढच्या प्रत्येक सीटीत वाढत गेले. फुप्फुस आकसत होतं, एकूण हवा मावण्याची क्षमताच कमी होत होती. आम्ही एफईव्ही-१ कडेच बघत राहिलो. ज्यांचं कुणी या वाटेवर आहे त्यांनी लॅबमध्ये एकूण क्षमता, टीएलसी, तीही मोजून घ्या. एवढंच लिहायचं होतं.

फुंकर

@वडिलांची_लेक, तुम्ही हे लिहिलंत, त्याबद्दल आभार. बरोबर आहे. टीएलसी बेसलाइनच्या ९० टक्क्यांवर किंवा खाली आणि सीटीत टिकून राहणारे पांढरे पट्टे, ही रॅसची ओळख. हा प्रकार बॉसपेक्षा वेगाने पुढे सरकतो. इथे चित्र नुसतं सोबतीला नसतं, व्याख्येतच बसलेलं असतं. ज्या घरात हे घडलं, त्या घराने ते पट्टे लवकर पाहिले असते तर काही वेगळं झालं असतं, असं मनात आणू नका.

वही_पेन

किरणांची भीती वाटते. माझ्या नवऱ्याचे तीन वर्षांत नऊ सीटी झाले. आणि डाय टोचावा लागतो का? किडनी आधीच नाजूक आहे.

करडी_छटा

भीती रास्त आहे. छातीच्या साध्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप), लो-डोस पद्धतीत दीडेक. निसर्गातून आपल्याला दर वर्षी सुमारे अडीच-तीन मिलिसिव्हर्ट मिळतातच. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे कर्करोगाचा धोका आधीच थोडा वाढलेला असतो, म्हणून उगाच सीटी नको, हे बरोबर. पण कारण असताना टाळूही नका. श्वास सोडलेला भाग लो-डोसवर, किंवा थोड्या थोड्या अंतरावरचे मोजके काप घेऊन होतो. तेवढ्याने एअर ट्रॅपिंग दिसतं.

डाय लागत नाही. रिजेक्शनच्या शोधात फुप्फुसाचा पोत बघायला विनाडाय एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी, पुरतो. रक्ताची गुठळी किंवा रक्तवाहिनीचा जोड बघायचा असेल तरच डाय. टॅक्रोलिमस या रिजेक्शनविरोधी औषधाने किडनीवर ताण येतो, म्हणून तेव्हा क्रिॲटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघूनच ठरवतात.

चुंबकसूची

मी एमआरआयच्या भौतिकशास्त्रात काम करतो. फुप्फुस हा एमआरआयसाठी सर्वांत अवघड अवयव. एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनचा सूर ऐकतो, आणि फुप्फुसात पाणी कमी, हवाच जास्त. त्यात हवा आणि ऊती यांच्या लाखो सीमांवर चुंबकीय क्षेत्र डगमगतं, त्यामुळे जो थोडा सूर असतो तोही क्षणात विरतो. साध्या एमआरआयमध्ये म्हणूनच फुप्फुस काळं भोक दिसतं.

यावर एक सुंदर उपाय निघाला. झेनॉन-१२९ या वायूचे अणू लेझरच्या मदतीने एका दिशेला वळवतात, त्यामुळे त्यांचा सूर हजारो पटींनी मोठा होतो. रुग्ण पिशवीतून तो वायू ओढून घेतो, दहा-पंधरा सेकंद श्वास धरतो, आणि वायू जिथे पोचला तो भाग उजळतो. जिथे नलिका बुजली तिथे काळोख. किरणं शून्य. झेनॉन पडद्यातून रक्तातही उतरतो आणि तिथे त्याचा सूर बदलतो, म्हणजे हवा रक्तापर्यंत पोचते का, हेही बघता येतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षांवरच्या रुग्णांत वायुवीजनाचं चित्र घेण्यासाठी याला मान्यता दिली.

दुसरी वाट जर्मनीत हॅनोव्हरच्या गटाने पुढे नेली, प्रेफुल. वायू नाही, डाय नाही, श्वासही धरायचा नाही. रुग्ण शांतपणे श्वास घेत पडतो, चित्रं लागोपाठ घेतली जातात आणि प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा श्वासाबरोबर आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर कसा वरखाली होतो, यावरून हवा आणि रक्त दोन्हींचा नकाशा काढतात. धाप लागलेल्या माणसाला यापरती सोय नाही.

नदीकाठ

मग सगळ्यांनी हाच एमआरआय मागायला हवा ना? बायोप्सीचा त्रास तरी वाचेल.

चुंबकसूची

माझं मन हो म्हणतं, पण तसं सांगता येत नाही. झेनॉन वळवणारं यंत्र मोजक्या संस्थांत आहे. आणि तिथेही 'इथे हवा पोचत नाही' एवढंच कळतं. का पोचत नाही, संसर्गाने की रिजेक्शनने, ते नाही. तो प्रश्न आज तरी तुकडा आणि धुवणच सोडवतं.

जवळची गोष्ट हवी असेल तर ती सीटीतच आहे. श्वास भरलेला आणि सोडलेला, असे दोन्ही स्कॅन पूर्ण घेतले असतील तर संगणक ते एकमेकांवर बसवतो आणि प्रत्येक ठिपका तपासतो. मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये सीओपीडी या श्वासमार्ग अरुंद होणाऱ्या जुनाट आजारासाठी ही पद्धत मांडली, पुढे प्रत्यारोपणातही वापरून पाहिली. श्वास भरताना घनता उणे ९५० हाउन्सफील्डच्या (सीटीतल्या घनतेचं एकक) वर, म्हणजे ऊती शाबूत, पण सोडल्यावरही उणे ८५६ च्या खालीच, म्हणजे हवा अडकली. असा ठिपका बारीक नलिकांच्या रोगाचा धरतात. डोळ्याला 'थोडं वाढलंय का' असं वाटतं, तिथे टक्केवारी हातात येते.

करडी_छटा

सहमत. पण दोन्ही श्वास नीट घेतले-सोडलेले असतील तरच. अर्धवट सोडलेल्या श्वासावर संगणकही चुकीचीच टक्केवारी काढेल. रुग्णाला टेबलावर झोपवण्याआधी दोन मिनिटं सराव करून घेणं, याला पर्याय नाही.

दुसरा_श्वास

सगळ्यांचे प्रतिसाद दादाने स्वतः वाचले, काही दोनदा. आज १९ दिवसांनी लिहिते आहे.

डॉक्टरांना श्वास सोडलेल्या सीटीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तोच सांगणार होतो, पहिल्यांदा मागणीत लिहायचा राहिला." मागणीपत्रावर @एकच_फुप्फुस यांचे चारही मुद्दे लिहून घेतले. घरी आम्ही सराव केला. दादा सतरंजीवर उताणा पडायचा, हात डोक्याच्या वर. मी म्हणायची, "घ्या... आता सोडा, अजून सोडा, अजून, थांबा." पहिल्या दिवशी तो तीन सेकंदांतच श्वास घ्यायचा. चौथ्या दिवशी दहापर्यंत थांबला. सीटीच्या खोलीतल्या टेक्निशियन ताईंनीही तसंच आधी करून घेतलं, आणि मशीनच्या आवाजाऐवजी स्वतः माईकवर बोलल्या.

रिपोर्ट: दोन्ही बाजूंच्या खालच्या खणांत एअर ट्रॅपिंग, मागच्या वर्षीच्या स्कॅनपेक्षा वाढलेलं. वरच्या बाजूला पट्टे नाहीत. श्वासनलिकेचे जोड मोकळे. ब्रॉन्कोस्कोपी सुरळीत झाली, नंतरचा एक्स-रे ठीक. सहा तुकडे, सगळे ए-०. धुवणात जंतू नाहीत, बुरशी नाही. टीएलसी जवळपास पूर्वीइतकीच.

एफईव्ही-१ त्या आठवड्यात २.२० होता, साडेएकवीस टक्के घट. डॉक्टर म्हणाले, बॉसच्या दिशेने आहे. ईसीजी पाहून ॲझिथ्रोमायसिन सुरू केलं आहे, आठवड्यातून तीनदा. काहींचा आकडा त्याने परत चढतो, काहींचा नाही. आकडा थांबला नाही तर फोटोफेरेसिसचा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यांच्यावर प्रकाशाने उपचार करण्याचा, विचार करू म्हणाले.

हे ऐकून आम्ही दोघं गाडीत बराच वेळ नुसते बसून होतो. पण दादा म्हणाला, "निदान आता माहीत तरी आहे की हवा कुठे अडकते." हे वाक्य तो दिवसभर म्हणत होता.

फुंकर

लवकर पकडलंत. आता तीन आठवड्यांनी लॅबमध्येच फुंकायचं, त्याच मशीनवर. घरचं रोजचं चालू राहू दे. कानाला कमी ऐकू येऊ लागलं किंवा छातीत धडधड वाटली तर ॲझिथ्रोमायसिनबद्दल लगेच कळवा, पुढच्या भेटीची वाट बघू नका.

एकच_फुप्फुस

दादांना माझा नमस्कार सांगा. माझ्याबरोबर प्रत्यारोपण झालेल्या एका मित्राचा आकडा बॉसनंतर एका जागी थांबला, तो चार वर्षं तिथेच आहे. सगळ्यांचा थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. पण थांबतो.

दुसरा_श्वास

@फुंकर, दोन्ही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. वहीत एक रकानाही वाढवला आहे, 'श्वास सोडलेला सीटी' आणि त्याची तारीख.

@करडी_छटा, नवी सीडी मी रात्री उघडून पाहिली. मला बाकी काही कळत नाही, पण तुम्ही सांगितलेली मुख्य नलिका शोधली. श्वास भरलेल्या सिरीजमध्ये ती गोल आहे. दुसऱ्या सिरीजमध्ये मागची भिंत आत वळलेली आहे, अगदी चंद्रकोरीसारखी. दादाला उठवून दाखवली.